मान डोलावली म्हणजे समजले नव्हे

दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा बोलले जाणारे खोटे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी सांगेन : "हो डॉक्टर, समजलं." रुग्ण हे फसवण्यासाठी बोलत नाही. भिडेपोटी बोलतो, बाहेर रांग आहे म्हणून बोलतो, आपण अडाणी ठरू या भीतीने बोलतो. त्यातून समोरच्याची भाषा त्याला अर्धीमुर्धीच येत असेल, तर मान डोलावण्याशिवाय त्याच्या हाती दुसरे काही उरतही नाही.

आजचा लेख अशा माणसांविषयी आहे. आपला देश सोडून दुसऱ्या देशात गेलेली, तिथली भाषा नुकती शिकू लागलेली आणि त्याच अर्धवट भाषेत आजारपण निभावणारी माणसे. त्यांना आरोग्याची माहिती कशी द्यावी, यावर अमेरिकेत गेली काही दशके बरेच काम झाले आहे. त्यातली एक साधी पद्धत म्हणजे शब्दांविना चित्रकथा. ही पद्धत स्वस्त आहे, चांगली आहे आणि तरीही तिला दोन्ही बाजूंनी नाके मुरडली जातात. एक बाजू म्हणते, "हा बालवाडीचा प्रकार आहे." दुसरी म्हणते, "चित्र लावलं की काम झालं." या दोन्ही बाजू चुकत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

वाचता येणे आणि समजणे

आधी एक गैरसमज दूर करू. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता आली म्हणजे ती समजली, असे आपण धरून चालतो. २००६ मध्ये अमेरिकेत ३९५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा तोंडाने घ्या' ही सूचना त्यांना वाचायला दिली होती. ज्यांचे वाचन कच्चे होते, त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. मग त्यांना प्रत्यक्ष गोळ्या देऊन विचारले, "दिवसभरात किती घ्याल, ते मोजून दाखवा." बरोबर चार गोळ्या मोजणारे निघाले सुमारे ३५ टक्के. म्हणजे पोपटासारखे म्हणून दाखवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना अर्थ लागलेला नव्हता. आणि हे सगळे इंग्रजी बोलणारे रुग्ण होते! जे इंग्रजी शिकायला लागून सहा महिने झाले आहेत, त्यांचे काय होत असेल याची कल्पना करा.

परक्या भाषेत नुसती शब्दांची अडचण नसते, शब्दांचे सापळेही असतात. इंग्रजीत 'वन्स' म्हणजे एकदा. अगदी त्याच स्पेलिंगचा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, त्याचा उच्चार 'ओन्से' आणि अर्थ अकरा. रक्तदाबाची गोळी 'दिवसातून एकदा' घ्यायची की अकरा वेळा, हा प्रश्न तुम्हाला विनोदी वाटेल. नुकती लिपी ओळखू लागलेल्या स्पॅनिशभाषक आजीला तो विनोदी नाही.

दुसरा सापळा चमच्यांचा. इंग्रजीत चहाचा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. दोघांची संक्षिप्त रूपे एका-दोन अक्षरांनी वेगळी. ते अक्षर नजरेतून सुटले की तान्ह्या मुलाला तिप्पट औषध जाते.

तिसरे उदाहरण फार वाईट आहे. १९८० मध्ये फ्लोरिडात क्यूबन कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणला गेला. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इन्टॉक्सिकादो' असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. ऐकणाऱ्यांनी त्याचा इंग्रजी अर्थ घेतला : नशा केली आहे. उपचार अमली पदार्थाच्या अतिसेवनाचे सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळायला उशीर झाला आणि त्या मुलाचे हात-पाय कायमचे लुळे पडले. तिथे कोणीही आळशी नव्हते किंवा दुष्ट नव्हते. सगळ्यांना वाटले होते की आपल्याला समजले आहे. दुभाषी बोलवायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण शब्द ओळखीचा होता.

चित्रकथा म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत स्थलांतरितांसाठी प्रौढांचे इंग्रजी वर्ग चालतात. संध्याकाळी कामावरून थकून आलेली माणसे तिथे बसलेली असतात : कोणी हॉटेलात भांडी घासणारा, कोणी घरोघरी सफाई करणारी, कोणी आपल्या देशात शिक्षक असलेला आणि इथे टॅक्सी चालवणारा. व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीमध्ये अशा वर्गांना शिकवणाऱ्या केट सिंगलटन यांनी आरोग्यावरच्या चित्रकथांचा एक संच तयार केला. डॉक्टरांची वेळ घेणे, औषधाचा योग्य डोस, तातडीचा प्रसंग, नैराश्य असे त्यातले विषय. साध्या काळ्या रेघांची चित्रे. एका पानावर एक गोष्ट. फोटोकॉपी काढली की झाले.

असा वर्ग कसा चालतो, हे मी एका काल्पनिक गोष्टीने दाखवतो. समजा, पानावर सहा चौकटी आहेत आणि त्यात एकही वाक्य नाही.

१) रात्र. घड्याळात दहा. लहान मूल तापाने फणफणले आहे. आई कपाळावर हात ठेवून बसली आहे.
२) औषधाच्या दुकानातले कपाट. एकसारख्या दिसणाऱ्या वीस बाटल्या. आई गोंधळलेली.
३) स्वयंपाकघर. आईने सूप प्यायचा मोठा चमचा काढून त्यात औषध ओतले आहे.
४) घड्याळात बारा. ताप तसाच. आई पुन्हा चमचा भरते आहे.
५) आजी दुसऱ्याच बाटलीतले औषध पाजते आहे. दोन्ही बाटल्यांवर औषधाचे नाव एकच आहे.
६) मूल निपचित. आईच्या हातात फोन.

आता शिक्षिका काहीही समजावून सांगत नाही. ती विचारते : चित्रात कोण आहे? आधी काय झाले? मग काय झाले? हिने मोठा चमचा का घेतला असेल? तुमच्या घरी औषध कशाने मोजतात? तुमच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला आहे? आता हिने कोणाला फोन करावा आणि काय सांगावे?

वर्गातली बाई शब्द शोधत बोलू लागते. 'ताप', 'चमचा', 'किती तासांनी' हे शब्द तिला त्या क्षणी हवे असतात, म्हणून ते डोक्यात बसतात. दोन डोसांमध्ये किमान चार तास जायला हवेत. बाटलीबरोबर येणाऱ्या मापानेच किंवा सिरिंजनेच औषध मोजायचे. दोन वेगळ्या बाटल्यांत एकच औषध असू शकते. या तीन गोष्टी ती चर्चेतून स्वतः काढते. शेवटी दोघी-दोघी उभ्या राहून फोनवरचे संभाषण करून पाहतात. सहाव्या चौकटीनंतर पान कोरे आहे. गोष्टीचा शेवट वर्गाने ठरवायचा असतो.

यात चित्राने काय केले, ते नीट पाहा. चित्राने माहिती फार थोडी दिली. त्याने माणसाला बोलते केले. आणि माणूस बोलू लागला की त्याला काय कळले नाही ते आपल्याला कळते. मान डोलावण्यात जे लपते, ते इथे उघडे पडते आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही. कारण चूक चित्रातल्या बाईची असते, वर्गातल्या बाईची नसते.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस नावाच्या गावात सुमारे ३०० कष्टकऱ्यांना साक्षर करताना असेच केले होते. लोकांच्या रोजच्या जगण्यातले चित्र दाखवायचे, त्यावर त्यांना बोलू द्यायचे आणि त्या बोलण्यातून अक्षरांकडे जायचे. प्रौढ माणूस रिकामे मडके नसतो, त्याच्या गाठीशी आयुष्य असते, हा त्यामागचा विचार.

"हा तर बालिशपणा!"

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. "मोठ्या माणसांना चित्रं काय दाखवता? तो काय लहान मूल आहे?" हा आक्षेप बहुधा सुशिक्षितांकडून येतो. आमच्या व्यवसायातही असे म्हणणारे पुष्कळ आहेत. गंमत अशी की हीच मंडळी विमानात बसली की समोरच्या खिशातले सुरक्षेचे चित्रमय पत्रक पाहतात, नवे कपाट घरी आले की चित्रे पाहून जोडतात आणि अँजिओप्लास्टी समजून घ्यायला व्हिडिओ लावतात. तेव्हा त्यांना कोणी बालिश म्हणत नाही.

शिवाय हा आवडीनिवडीचा मुद्दा नाही. यावर मोजमाप झालेले आहे.

१९९६ मध्ये अमेरिकेतील एका आपत्कालीन विभागात जखमेला टाके घालून घरी जाणाऱ्या २३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नुसत्या मजकुराचे सूचनापत्रक दिले, काहींना तेच पत्रक व्यंगचित्रांसह. तीन दिवसांनी फोन करून विचारले. जखमेच्या काळजीविषयीचे सगळे प्रश्न बरोबर सांगणारे मजकूरवाल्या गटात ६ टक्के होते, चित्रवाल्या गटात ४६ टक्के. सूचना प्रत्यक्ष पाळणारेही चित्रवाल्या गटात जास्त होते, ५४ च्या तुलनेत ७७ टक्के.

२००८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक रुग्णालयातला अभ्यास आला. लहान मुलांचे पातळ औषध पालकांनी कसे द्यायचे, हा विषय. पालकांत इंग्रजी बोलणारे होते, तसेच स्पॅनिश बोलणारेही होते. एका गटाला नेहमीप्रमाणे सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला चित्रांचे पान दिले, ते दाखवत समजावले, सिरिंज हातात दिली आणि "आता तुम्ही करून दाखवा" असे सांगितले. रोज घ्यायच्या औषधाच्या मापात चूक करणारे पालक पहिल्या गटात जवळजवळ ४८ टक्के होते. दुसऱ्या गटात ५.४ टक्के. एखाद्या नव्या गोळीने एवढा फरक पाडला असता तर कंपनीने पानभर जाहिरात दिली असती. इथे विकायला काही नाही, म्हणून गाजावाजाही नाही.

तिसरा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. लॅटिन अमेरिकेत 'फोटोनोव्हेला' नावाचा लोकप्रिय प्रकार आहे : छायाचित्रे आणि संवाद असलेली छोटी कथापुस्तिका. अमेरिकेतील लॅटिनो लोकांसाठी नैराश्यावर अशी एक पुस्तिका तयार केली गेली. १५७ प्रौढांपैकी काहींना ती दिली, काहींना साधे माहितीपत्रक दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. ज्ञान दोन्ही गटांत वाढले. मात्र मानसिक उपचारांविषयीची आणि गोळ्यांविषयीची लाज कमी करण्यात कथापुस्तिका सरस ठरली. आणि वाचून झाल्यावर ती जास्त लोकांनी घरच्यांना, मित्रांना वाचायला दिली.

म्हणजे माहिती पत्रकानेही पोहोचते. पण "मला झोप लागत नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही" हे सांगायचा धीर त्या पत्रकाने तितकासा येत नाही. गोष्टीतली बाई ते आधी बोलते, म्हणून वाचणारी नंतर बोलू शकते. याला बालिशपणा म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

"चित्र लावले, काम झाले!"

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ही मंडळी चित्रांची भक्त असतात. भिंतीवर तक्ता, बाटलीवर खुणा, पत्रकावर हसरे-रडके चेहरे लावले की त्यांचे समाधान होते. माझा यांच्याशीही तितकाच वाद आहे.

चित्राची भाषा सगळ्या जगाला कळते, हा भाबडा समज आहे. चित्रही वाचायला शिकावे लागते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. अरबी, फारसी किंवा उर्दू वाचणारा माणूस उजवीकडून डावीकडे जातो. 'आजारी माणूस, औषध, ठणठणीत माणूस' अशा तीन चौकटी त्याने आपल्या सवयीने पाहिल्या तर गोष्ट होते : ठणठणीत माणसाने औषध घेतले आणि तो अंथरुणाला खिळला! चौकटींना अंक घाला, बाण काढा आणि तरीही विचारून पाहा.

सूर्य आणि चंद्र काढून 'सकाळ-रात्र' दाखवतात. रात्रपाळी करणारा सफाई कामगार सूर्य उगवल्यावर झोपतो. त्याची सकाळ कोणती? शरीराचा नुसता एक भाग काढला, उदाहरणार्थ फक्त पोट किंवा फक्त फुप्फुसे, तर ज्याने शाळेत जीवशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नाही त्याला ती आकृती कशाची आहे तेच उमगत नाही. फुलीची खूण आपल्याला 'नको' सांगते, एखाद्याला ती 'इथे खूण करा' असे सांगेल.

अमेरिकेत औषधांच्या सूचनांसाठी ८१ चित्रखुणांचा एक प्रमाण संच आहे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी त्यातल्या काही खुणा कमी शिकलेल्या खोसाभाषक लोकांना दाखवल्या. शिवाय त्याच लोकांबरोबर बसून, त्यांना विचारत, नव्या खुणाही तयार केल्या. या स्थानिक खुणा जास्त चांगल्या समजल्या. धोक्याच्या खुणांसाठीच्या अमेरिकी मानकात किमान ८५ टक्के लोकांना अर्थ कळला तरच खूण मान्य होते. आंतरराष्ट्रीय मानकात हीच मर्यादा ६७ टक्के आहे. आपल्या दवाखान्यातला तक्ता या कसोटीला कोणी लावला आहे का? बहुतेक वेळा तो छापणाऱ्याला आणि लावणाऱ्याला समजलेला असतो, एवढेच.

म्हणून माझा आग्रह असा की चित्र एकटे सोडू नका. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात चित्र होते, बोलणे होते आणि करून दाखवणे होते. या तीनपैकी नुसते चित्र उचलायचे आणि उरलेले दोन टाकायचे, म्हणजे वेळ वाचवायचा आणि वर शास्त्रीय असल्याचा आव आणायचा.

"भाषा शिकायला नको का त्यांनी?"

हा आक्षेप थोडा रागाने येतो. "आमच्या देशात आलात ना, मग आमची भाषा शिका. चित्रं कसली मागता?" उत्तर सोपे आहे. हे लोक भाषा शिकतच आहेत, म्हणून तर ते त्या वर्गात बसले आहेत. चित्रकथा भाषेची जागा घेत नाही, ती भाषा शिकण्याचेच साधन आहे. फरक इतकाच की 'ही पेन्सिल आहे, ते टेबल आहे' याऐवजी पहिल्या महिन्यातच 'माझ्या छातीत दुखते आहे' हे वाक्य शिकवले जाते. परकी भाषा नीट यायला वर्षे लागतात. अपेंडिक्स तेवढे थांबत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न आता जास्त टोकदार झाला आहे. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा रीतीने द्याव्यात, असा अध्यक्षीय आदेश २००० मध्ये निघाला होता. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा जाहीर करताना तो मागे घेतला गेला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्यातले भेदभावविरोधी कलम मात्र त्याने रद्द झालेले नाही. राजकारणावर ज्याचे त्याने मत बनवावे. एक डॉक्टर म्हणून मी एवढेच म्हणेन की रुग्णाला न समजलेली सूचना ही न दिलेली सूचना आहे, मग ती कोणत्याही अधिकृत भाषेत असो.

"पण घरातला मुलगा आहे ना दुभाषी!" हेही नेहमी ऐकू येते. २००३ मध्ये अमेरिकेतील बालरोग विभागातल्या १३ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या गेल्या. दर भेटीत भाषांतराच्या सरासरी ३१ चुका निघाल्या. रुग्णालयाच्या दुभाष्यांकडूनही चुका झाल्या. पण वेळेला पकडून आणलेल्या माणसांच्या चुकांपैकी उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण ७७ टक्के होते, तर रुग्णालयाच्या दुभाष्यांचे ५३ टक्के. त्या पकडून आणलेल्यांत अकरा वर्षांचे एक भावंडही होते. आईच्या पाळीविषयी, बाबांच्या लघवीविषयी, घरातल्या मारहाणीविषयी मुलाने काय आणि कसे सांगायचे? मुलाला त्या खुर्चीत बसवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मोबाइलवरचे भाषांतर? दुकानात, रस्त्यावर जरूर वापरा. पण मोबाइल तुमचा चेहरा वाचत नाही आणि "आता करून दाखवा" असे म्हणत नाही.

यात आपला काय संबंध?

आपला संबंध जवळचा आहे. तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील सहा-सहा महिने मुलांकडे अमेरिकेत राहून येतात. ते शिकलेले आहेत, इंग्रजी वर्तमानपत्रही वाचतात. तरीही आजारपणात माणूस मायबोलीतच कण्हतो. "पित्त झालंय" याचे इंग्रजी काय कराल? शब्दाला शब्द ठेवला तर तिथला डॉक्टर पित्ताशयाचा विचार करेल. आपल्याला म्हणायचे असते जळजळ, आंबट ढेकर. "अंगावर पित्त उठलं" म्हटले की तोच शब्द गांधी झाला! फ्लोरिडातल्या त्या एका शब्दाची गोष्ट इथे पुन्हा आठवा.

औषधांचेही तसेच. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन नावाने मिळते. सोबत नेलेल्या गोळीत ते आधीच असेल आणि वर तिथली बाटली घेतली, तर डोस दुप्पट होतो आणि यकृताला धोका पोहोचतो. तारीखही उलटी. तिथे आधी महिना, मग दिवस लिहितात.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची नसून संकोचाची असते. छातीत दुखते आहे, घाम फुटला आहे, पण "मुलाला खर्चात कशाला पाडायचं, गॅस असेल" म्हणून बाबा गप्प बसतात. याविषयी त्यांना व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. जाण्याआधी एका संध्याकाळी कागद घ्या आणि काड्यांची माणसे काढून चार चौकटी करा : जिन्यात छातीवर हात ठेवून थांबलेले आजोबा, कोणी विचारल्यावर "काही नाही" म्हणून हात हलवणारे आजोबा, रात्री पलंगावर घामाघूम आजोबा, चौथी चौकट रिकामी. मग विचारा, "बाबा, यांनी आता काय करावं?" त्यांचे उत्तर ऐका. घरात दुसरे कोणी नसताना ९११ ला फोन करून कोणते एक वाक्य बोलायचे, ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या. आणि डॉक्टरांची वेळ घेतानाच "मराठी दुभाषी हवा" असे सांगा. सरकारी निधी घेणाऱ्या तिथल्या रुग्णालयांना ही सोय विनामूल्य द्यावी लागते.

आता आरसा आपल्याकडे वळवू. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, गिरण्यांत, हॉटेलांत बिहार, ओडिशा, बंगालमधून आलेली कुटुंबे राहतात आणि हळूहळू मराठी शिकतात. आपण त्यांना सांगतो, "ही गोळी अनशापोटी घ्या." हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नसतो. उलट हिंदीतले 'खाली पेट' मराठी आजीने ऐकले, तर तिला ते ओटीपोट वाटते. "अंगावरून जातं का?" या प्रश्नाला ओडिया बाई काय उत्तर देणार? ती मान डोलावते. आणि क्षारसंजीवनीचे पाकीट? मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलीसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर जुलाब झालेल्या बाळाच्या पोटात मीठ प्रमाणाबाहेर जाते. इथे व्याख्यानापेक्षा लिटरची बाटली, पाकीट आणि चार चौकटींची गोष्ट जास्त कामाची.

तुम्ही काय करू शकता?

• 'समजलं का?' हा प्रश्न विचारणे बंद करा. त्याऐवजी म्हणा, "मला नीट सांगता आलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही काय कराल, ते मला दाखवा." परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही.
• तुम्ही रुग्ण असाल तर डॉक्टरांना थांबवा. "मी परत सांगतो, बरोबर आहे का बघा," असे म्हणायला भीड बाळगू नका.
• चित्र काढाल तर एका चित्रात एकच कृती, पूर्ण माणूस, ओळखीची भांडी-कपडे आणि चौकटींना अंक. काढून झाले की ज्यांच्यासाठी काढले त्यांच्यातल्या चार-पाच जणांना आधी विचारा, "यात काय चाललंय?" त्यांनी वेगळेच सांगितले तर चित्र बदला.
• सोसायटीत, मंडळात, संस्थेत कामगारांसाठी मराठीचे वर्ग घेत असाल, तर 'कमळ-बदक' बाजूला ठेवा. पहिला धडा ताप, जुलाब, अपघात आणि १०८ क्रमांक यांवर घ्या.
• पातळ औषध नेहमी मापाने किंवा सिरिंजने मोजा, घरातल्या चमच्याने नाही.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, प्रत्येकामागे दोन-तीन मिनिटे, आणि तोच आमच्याकडे नसतो असे आम्ही डॉक्टर सांगतो. पण न समजलेल्या डोसामुळे तेच मूल चार दिवसांनी दाखल झाले, तर त्याला लागणारा वेळ याच्या कितीतरी पट असतो. परक्या गावात आजारी पडलेल्या माणसाकडे भाषा कमी असते, बुद्धी कमी नसते. त्याला बोलायला जागा हवी असते. एका कागदावरच्या सहा चौकटींनी ती मिळत असेल, तर ती नाकारण्याचे कारण निदान मला तरी सापडलेले नाही.